माद्रिदच्या बोतीनमध्ये जेवायला जाताय? ऑर्डर भट्टीकडे बघून द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमध्ये तुम्ही पाच जण माद्रिदला येताय. तुम्ही दोघं सगळं खाता. मुलगी कॉलेजात आहे, तिला नवीन काहीही चालतं. सासरे मटण आवडीने खातात पण डुकराला हात लावत नाहीत. सासूबाई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसलेलं चालत नाही. ‘जगातलं सगळ्यात जुनं रेस्टॉरंट’ म्हणून सोब्रिनो दे बोतीनचं नाव तुम्ही ऐकलंय. तिथे जावं का, की ते नुसतं नावावर चालतं? गेलो तर काय मागवावं? आणि सासूबाईंनी काय नुसता पाव खायचा का?

मी माद्रिदमध्ये राहतो. आधी इथल्याच एका भाजणाच्या स्वयंपाकघरात काम केलं आणि आता आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना इथल्या जुन्या खाणावळींत जेवायला नेणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. जा, पण रात्री नको, दुपारी जा. आणि मेन्यू कार्ड उघडण्याआधी दाराजवळची भट्टी बघून घ्या. कॅस्टिल प्रांतातलं जुनं भाजणघर एकाच गोष्टीभोवती उभं असतं, ती म्हणजे लाकडावर पेटणारी विटांची भट्टी. कार्डावर पन्नास पदार्थ असतील, पण त्यातले चांगले तेच, जे त्या भट्टीतून येतात किंवा तिच्या आजूबाजूला वाढले आहेत. दर हंगामात बघतो, लोक बोतीनमध्ये येतात आणि पाएया मागवतात. पाएया व्हॅलेन्सियाचा, समुद्राकडचा पदार्थ. माद्रिदच्या भाजणघरात तो मागवणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याच्या खाणावळीत बसून मसाला डोसा मागवणं. मग ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ म्हणत बाहेर पडायचं, यात त्या घराचा काय दोष?

आता जुनेपणाबद्दल, कारण तिथे ऐकायला मिळणाऱ्या गोष्टींपैकी काही पक्क्या आहेत आणि काही दंतकथा. दारावर १७२५ हे साल आहे, आणि गिनीजच्या नोंदीत हे जगातलं सर्वांत जुनं रेस्टॉरंट आहे. नोंदीचा कस असा की त्याच जागी, त्याच कामासाठी, खंड न पडता चालू हवं. नुसत्या तारखेवर गेलं तर याहून जुने दावे आहेत. ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या मठातलं एक जेवणघर थेट ८०३ सालाचा उल्लेख सांगतं, आणि बोतीनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर कावा बाहा रस्त्यावरची पोसादा दे ला व्हिया १६४२ ची तारीख लावते. घराची स्वतःची हकीकत अशी की बोतीन नावाचा फ्रेंच आचारी आपल्या अस्तुरियन बायकोसोबत माद्रिदला आला आणि पुढे त्या बायकोच्या भाच्याने ही सराई काढली. ‘सोब्रिनो’ म्हणजे तो भाचा. चित्रकार गोया तरुणपणी इथे भांडी घासायचा, हेही तुम्हाला सांगतील. ऐकायला छान आहे, पण ती दंतकथा म्हणूनच ऐका. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेचं मात्र खरं आहे. १९२६ च्या कादंबरीच्या शेवटी त्याने आपल्या पात्रांना इथेच, वरच्या मजल्यावर, भाजलेलं पिल्लू आणि रिओहाची वाइन घेऊन जेवायला बसवलं आहे.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. अठराव्या शतकात अशा सराईला मांस, वाइन वगैरे विकायची मुभा नव्हती. खाटीक, वाइनवाले, प्रत्येकाचा धंदा बांधलेला होता आणि सराईवाल्याने त्यात हात घालायचा नाही असा दंडक होता. वाटसरूने आपला जिन्नस आणायचा, सराईने तो शिजवून द्यायचा. म्हणजे सराईकडे विकायला होतं काय? आग, आणि आग सांभाळणारे हात. ही भट्टी त्या काळातली. घर तिच्याभोवती का उभं आहे आणि आजही तिचाच मान का आहे, हे त्यातून कळतं. रस्त्याचं नाव कुचियेरोस, म्हणजे सुऱ्या करणाऱ्यांची आळी. वरच्या प्लाथा मायोर चौकात मांसबाजार होता, त्याच्या खाटकांना सुऱ्या इथून जायच्या. चौकातून कमानीखालच्या पायऱ्या उतरून आलात की डाव्या-उजव्या भिंती खाली रुंद आणि वर आत कललेल्या दिसतील. चौक उंचावर आहे आणि आळी उतारावर, म्हणून बांधणी तशी आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. ‘एकाच कुटुंबाचं तीनशे वर्षांचं रेस्टॉरंट’ असं कुठे वाचलं असेल तर ते बरोबर नाही. भाच्याच्या वंशानंतर हे घर विसाव्या शतकात गोन्सालेस कुटुंबाकडे आलं, आणि आज त्यांच्याच पुढच्या पिढ्या ते चालवतात. एमिलिओ गोन्सालेस आणि अंपारो मार्तीन या जोडप्याने ते हाती घेतलं तेव्हा धंदा लहान होता, राहणं वरच्या मजल्यावर. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा बायको-मुलं माद्रिदबाहेर गेली आणि एमिलिओ घर राखायला मागे राहिले. त्या दिवसांत इथे लढणाऱ्यांना जेवण मिळे.

कुटुंबाच्या हातात असण्याने ताटात काय फरक पडतो, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. चव अफाट होते असं काही नाही. फरक असा पडतो की कोणी येऊन पाककृती ‘सुधारत’ नाही. माल वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यातून येतो: डुकराची पिल्लं सेगोव्हियाकडून, कोकरं सेपुल्वेदा-अरांदा-रियाथा या टापूतून. भट्टीवरचा माणूस अनेक वर्षं तोच असतो. वाढपी हा इथे आयुष्यभराचा पेशा आहे. पांढऱ्या कोटातले पन्नाशीचे वाढपी तुम्हाला दिसतील, त्यांना कार्ड पाठ असतं आणि कोणत्या दिवशी काय चांगलं उतरलंय हेही ठाऊक असतं. त्यांना विचारा, ते खरं सांगतात. जुनी घरं अशीच कुटुंबाकडे टिकतात असंही नाही. माद्रिदचंच लार्दी, १८३९ चं, एवढं मानाचं घर, पण २०२१ मध्ये आर्थिक अडचणीनंतर मासळीच्या व्यापारातल्या एका मोठ्या समूहाकडे गेलं. तिथलं जेवण बंद पडलं नाही हे चांगलंच झालं. तरी जिथे मालकाच्या घरातलं माणूस अजून गल्ल्यापाशी उभं असतं, तिथे जायला मला जास्त आवडतं.

आता मुख्य पदार्थ. कोचिनियो म्हणजे साधारण तीन आठवड्यांचं, फक्त आईच्या दुधावर वाढलेलं डुकराचं पिल्लू. त्याने धान्य तोंडात घेतलेलं नसतं, आणि म्हणून मांस फिकट, मऊ आणि वासाला अगदी सौम्य असतं. ते उभं चिरून पसरतात आणि मातीच्या लंबगोल पसरट भांड्यात ठेवतात. तळाशी थोडं पाणी, लॉरेलच्या काड्या किंवा पानं, मीठ, आणि अंगाला डुकराचीच चरबी. सेगोव्हियाच्या पद्धतीत एवढंच, बाकी घरोघरी लसूण, कांदा, पांढऱ्या वाइनचा शिडकावा असे फरक. भट्टीत एन्सिनाचं लाकूड, म्हणजे इथला सदाहरित ओक. तो सावकाश जळतो आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. दोनेक तास जातात. आधी पोटाची बाजू वर, मग उलटून पाठ वर. भट्टीच्या तोंडाशी आसादोर, म्हणजे भाजणारा आचारी, उभा असतो, लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं तो नुसती भांडी आत-बाहेर करतोय. खरं तर आतला प्रत्येक कोपरा वेगळ्या आचेचा असतो आणि तो एकेका पिल्लाला त्याच्या वजनाप्रमाणे जागा बदलून देत असतो. कान आणि शेपटी आधी करपतात, म्हणून त्यांना कागद गुंडाळतात. शेवटी कातडीला टोचून फोड येऊ देत नाहीत, वरून चरबीचा हात फिरवतात आणि पिल्लू जास्त आचेकडे सरकवतात. मी हे काम शिकलो तेव्हा माझ्या उस्तादाने घड्याळ बघायला मनाई केली होती. कातडीचा आवाज ऐकायचा, चरबीचं तडतडणं मंद झालं की पाणी आटलं, मग शेवटचा हात.

ताटात आलं की पहिली परीक्षा कातडीची. सुरीचं टोक लावल्याबरोबर ती काचेसारखी तडकली पाहिजे आणि खालचं मांस काट्याने सुटलं पाहिजे. कातडी चामट लागली, ओढावी लागली, तर ते पिल्लू आधी भाजून ठेवून पुन्हा गरम केलेलं आहे. हे कुठल्याही घरात, गर्दीच्या शेवटच्या तासात होऊ शकतं. म्हणूनच मी दुपारचा आग्रह धरतो. बोतीन दुपारी १ वाजता उघडतं. स्पॅनिश माणसं दोन-अडीचशिवाय जेवायला बसत नाहीत, त्यामुळे १ ची वेळ घेतलीत तर तासभर घर शांत असतं, भट्टीजवळ उभं राहता येतं, आसादोरला तुमच्याकडे बघायला सवड असते. रात्रीची वेळ ८ पासून आहे, पण एवढं स्निग्ध जेवण रात्री नऊला सासू-सासऱ्यांच्या पोटात घालू नका. माद्रिदची माणसंही भाजलेलं पिल्लू दुपारीच खातात, रविवारी, सगळं घर मिळून.

मागवताना पुढचा भाग की मागचा, हे सांगता येतं. विचारायचं धाडस करा. पुढच्या भागात बरगड्या, कातडी जास्त, रस जास्त. मागच्या भागात मांस भरपूर. पहिल्यांदा खाणाऱ्याने पुढचा घ्यावा. एका पिल्लाचे साधारण सहा वाटे होतात, म्हणजे एक वाटा लहान नसतो. तुम्ही दोघं आणि मुलगी मिळून दोन वाटे पुरे. गोव्यात ख्रिस्ती लग्नात किंवा नाताळात भाजलेलं लेतांव खाल्लं असेल, तर त्याची मुळं याच द्वीपकल्पातली, पोर्तुगालकडची. पण तिकडे पोटात तिखट-आंबट मसाल्याचं सारण असतं, इथे काहीच नसतं. मीठ आणि धूर. पहिला घास सपक वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला दुधाची गोडी लागते. मिरचीची बाटली मागू नका. या घरात ती नसतेच.

सासऱ्यांसाठी कोर्देरो आसादो, भाजलेलं दूधपितं कोकरू. कॅस्टिलमध्ये याला लेचाथो म्हणतात. तेही फक्त आईच्या दुधावरचं, जेमतेम महिन्याभराचं, चुर्रा जातीच्या मेंढीचं असेल तर उत्तम. आपल्या मटणाचा कसलाही वास त्याला नसतो. सांगलीकडचे एक निवृत्त गृहस्थ माझ्यासोबत होते, घरी रविवारी स्वतः मटण करणारे. त्यांनी पहिल्यांदा ताटाकडे बघून ‘रस्सा कुठाय?’ विचारलं. मी त्यांना तळाशी उतरलेला पातळ रस दाखवला, पाव मोडून त्यात बुडवायला सांगितला. पुढचा अर्धा तास ते बोलले नाहीत, आणि नंतर आसादोरला भेटायचंय म्हणाले. एक सावधगिरी मात्र घ्याच: कोकरावरही काही घरी डुकराची चरबी लावतात, तिला मान्तेका म्हणतात. सासरे डुक्कर टाळतात ते आवडीनिवडीने की निष्ठेने, हे तुम्हाला ठाऊक. निष्ठेने असेल तर ‘येव्हा मान्तेका?’ असं आधी विचारा. आणि भट्टी एकच असते, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

सासूबाईंचा भाग सगळ्यात नाजूक आहे, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच होतात. जुन्या पिढीच्या स्पॅनिश वाढप्याला ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा तुकडा. ‘मांस नको’ म्हटलंत की तो आनंदाने हॅमचे बारीक तुकडे घातलेली घेवडी आणून ठेवेल आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटणार नाही. हॅम त्याच्या लेखी मसाला आहे. हिरव्या सॅलडवर ट्यूना येतो. क्रोकेतास दिसायला बटाटवड्याचे लहान भाऊ, आत बहुतेक वेळा हॅम. साल्मोरेखो या थंड टोमॅटो सुपावर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरलेलं असतं. सोपा दे आखो, म्हणजे पाव-लसणाचं सूप, नावाने निरुपद्रवी, पण त्यात अंडं फोडतात आणि पाणी बऱ्याचदा हाडांचं. तेव्हा एकच वाक्य पाठ करा: ‘नो कोमे कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी काल्दो दे कार्ने’. म्हणजे या मांस, हॅम, मासे आणि मांसाचं पाणी काहीच खात नाहीत. सासूबाईंकडे आदराने हात करून म्हणा. ज्येष्ठ बाईसाठी इथला वाढपी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा विचारून येतो.

मग खायचं काय? पिमिएंतोस, भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून. धुरकट गोड चव, आपल्या भरताच्या वांग्यासारखं भाजून बोटांनी सोललेलं असतं. पांढऱ्या शतावरीचे जाड देठ, नावार्राकडचे. सोबतची अंड्याची सॉस, मेयोनीज, बाजूला ठेवायला सांगा. ऑक्टोबर हा इथे रानअळंब्यांचा हंगाम आहे. सेतास म्हणून विचारा, तव्यावर लसणात परतून देतात, ‘सिन हामोन’ म्हणायला विसरू नका. गाथपाचो मुळात शाकाहारी, टोमॅटो-काकडी-पाव-लसूण, पण ते उन्हाळ्याचं; ऑक्टोबरात असलं तर घ्या. पिस्तो म्हणजे टोमॅटो, मिरची, झुकिनीची मंद आचेवर आटवलेली भाजी, वर तळलेलं अंडं असतं, ते ‘सिन उएव्हो’ सांगून काढून टाकता येतं. बटाट्याचं ऑम्लेट सासूबाईंना चालणार नाही. मांचेगो चीज पारंपरिक पद्धतीत वासराच्या-कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, हे त्यांना ठाऊक असावं, निर्णय त्यांचा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर खरं सांगतो, इथे त्यांचं जेवण सॅलड, शतावरी आणि भाजलेल्या मिरच्यांपलीकडे जाणार नाही. तसं असेल तर त्यांना सकाळी घरचं काहीतरी खाऊ घालून आणा आणि इथे सोबतीला बसवा.

पाव टेबलावर आपोआप येतो आणि बहुधा बिलात लागतो. या घरात त्यावर भांडू नका, रस टिपायला तोच लागतो. साधं पाणी मात्र फुकट मागता येतं. २०२२ च्या कचराविषयक कायद्याने स्पेनमधल्या उपाहारगृहांना नळाचं पाणी विनामूल्य देणं बंधनकारक केलं आहे. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणा. माद्रिदचं नळाचं पाणी चांगलं आहे. वाइन घेत असाल तर पिल्लासोबत रिओहा, कोकरासोबत रिबेरा देल दुएरो. सांग्रिया मागू नका, या जेवणाला ती फार गोड पडते. न पिणाऱ्यांसाठी मोस्तो, ताज्या द्राक्षांचा न आंबवलेला रस. आपल्याकडच्या लोकांना तो नेहमी आवडतो आणि फार कमी जणांना तो मागता येतो हे माहीत असतं.

गोडात, कार्डावर बार्तोलियोस असतील तर मुलीसाठी मागवा. हे माद्रिदचे खास, आत कस्टर्ड घातलेले तळलेले त्रिकोण. पिठात चरबी असू शकते, म्हणून सासूबाईंना नको. त्यांच्यासाठी आर्रोथ कोन लेचे, तांदळाची दालचिनी घातलेली खीर; साधारणतः त्यात अंडं नसतं, पण विचारून घ्या.

जेवण झालं की बिल आपोआप येणार नाही. हा दुर्लक्षाचा प्रकार नाही. पाहुण्याला उठवणं इथे असभ्य समजतात. जेवणानंतर टेबलाशीच गप्पा मारत बसणं हा जेवणाचाच भाग आहे. उठायचं असेल तेव्हा नजरेला नजर देऊन ‘ला क्वेंता, पोर फाव्होर’ म्हणा. टाळी, चुटकी, मोठ्याने हाक, हे नको. कर किमतीत धरलेला असतो. टिप सक्तीची नाही, सेवा आवडली तर काही युरो ठेवा.

‘फक्त नावावर चालतं का’ याचं उत्तर अजून राहिलं. बोतीनमध्ये परदेशी पाहुणे भरपूर असतात, किंमत शेजारच्या घरांपेक्षा चढी असते, संध्याकाळी कधी गाणारे विद्यार्थी टेबलांमधून फिरतात. हे सगळं खरं आहे. पण भट्टी खरी आहे, लाकूड खरं आहे आणि दुपारी एकचं पिल्लू खरं आहे. माझ्या मते त्यापेक्षा चांगलं कोचिनियो खायचं असेल तर सेगोव्हियाला जा. माद्रिदच्या चामार्तीन स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते. तिथे रोमन जलसेतूच्या पायथ्याशी मेसोन दे कांदिदो आहे. कांदिदो लोपेस (१९०३–१९९२) यांनी ताटाच्या कडेने पिल्लू कापून दाखवायची आणि मग ते ताट जमिनीवर फोडायची प्रथा गाजवली. आज घराण्याची पुढची पिढी ते करते. ताट कशाला? मांस इतकं मऊ आहे की सुरी लागत नाही, हे पाहुण्याला दिसावं म्हणून. तुमच्या मुलीला ते फार आवडेल. चुना-सिमेंट न वापरता नुसत्या ग्रॅनाइटच्या शिळा रचून उभा केलेला, २८ मीटर उंच जलसेतूही सासऱ्यांना दाखवा. आणखी एक दिवस मोकळा असेल तर बोतीन माद्रिदच्या इतिहासासाठी आणि सेगोव्हिया पिल्लासाठी, असं विभागा. एकच दिवस असेल तर, वयस्कर मंडळी बरोबर असल्याने, बोतीनच बरं.

आणि थंडी सुरू झाली असेल तर तुम्हा दोघांसाठी एक जादा दुपार: ला बोला, बोला रस्त्यावरचं १८७० चं कुटुंबाचं घर. तिथे कोसिदो, म्हणजे काबुली चणे, भाज्या आणि मांस, प्रत्येकाच्या वेगळ्या मातीच्या मडक्यात कोळशावर शिजवतात. आधी मडक्यातलं पाणी शेवयांवर ओतून सूप, मग चणे आणि बाकीचं. चणे दिसले म्हणून सासूबाईंना तिथे नेऊ नका. सगळं एकाच मडक्यात शिजतं.

शेवटचं काम, आणि ते आजच करायचं. बोतीनची जागा त्यांच्या संकेतस्थळावरून आधीच घ्या. शनिवार-रविवारची दुपार लवकर भरते, आणि १२ ऑक्टोबरला इथे राष्ट्रीय सुट्टी असते, त्या आठवड्यात तर अजिबात उशीर नको. तळघरातली विटांच्या कमानींची खोली सुंदर आहे, पण तिथला जिना अरुंद आणि उभा आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास असेल तर पायऱ्या नसलेली जागा हवी, असं बुकिंगमध्येच लिहा. त्याच ठिकाणी एक पाहुणी शाकाहारी आहे आणि एक डुक्कर खात नाही, हेही कळवून ठेवा. स्वयंपाकघराला आदल्या दिवशी कळलं तर ते अळंब्या वेगळ्या तव्यावर परततात; टेबलावर बसल्यावर कळलं तर सॅलड मिळतं.